डाउनलोड आणि अपलोडचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नेट हळू चालते आहे’ अशी तक्रार कानावर आली की मी आधी तीन गोष्टी विचारतो: काय करताना, कोणत्या उपकरणावर आणि पडद्यावर नेमका कोणता आकडा दिसत असताना? या तिन्हींची उत्तरे मिळाली की निम्मे निदान झालेले असते. फाइल एका संगणकावरून निघून दुसऱ्या संगणकावर पोहोचेपर्यंत डिस्क, वायफाय, राउटर, सेवादात्याची वाहिनी, दूरवरच्या केबल आणि पलीकडचा सर्व्हर असे अनेक टप्पे ओलांडते, आणि वाटेत जो टप्पा सर्वांत अरुंद असेल त्याचाच वेग सगळ्या प्रवासाला लागू होतो. महागडा प्लॅन घेतल्याने यांतला एकच टप्पा रुंद होतो. अडचण त्याच टप्प्यावर होती का, हे पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येकाला तपासता यावे, यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न: माझी जोडणी १०० एमबीपीएसची आहे. मग फाइल सेकंदाला ११-१२ एमबी याच गतीने का उतरते? मला फसवले जात आहे का?

नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची एकके वेगळी आहेत. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून १०० एमबीपीएस, अर्थात सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइट. रोमन लिपीत लिहिताना बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी वापरण्याचा संकेत आहे, परंतु तो जाहिरातींत नेहमी पाळला जातो असे नाही, आणि देवनागरीत तर दोन्हींसाठी ‘एमबी’ असेच लिहिले जाते. या लेखात म्हणूनच मी ‘मेगाबिट’ आणि ‘मेगाबाइट’ हे शब्द पूर्ण लिहिले आहेत. वेगाची तुलना करण्यापूर्वी एककाची खात्री करण्याची सवय लावून घेतली, तर वेगाविषयीच्या बऱ्याचशा तक्रारी तिथेच मिटतात.

प्रश्न: तरीही १२.५ मेगाबाइट मिळायला हवेत. पडद्यावर ११.३च का दिसतात?

याला दोन कारणे आहेत. फाइल सलग धारेसारखी जात नाही. तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका पॅकेटमध्ये घातला जातो आणि त्यावर कुठून आले, कुठे जायचे, कितवा तुकडा ही माहिती लिहावी लागते. नेहमीच्या इथरनेट जोडणीत एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात, त्यातले किमान ४० बाइट पत्त्यांत व क्रमांकांत खर्च होतात, आणि पॅकेटच्या भोवती इथरनेटची स्वतःची आणखी ३८ बाइटची जागा जाते. म्हणजे तारेवर १५३८ बाइटची जागा व्यापली जाते तेव्हा तुमच्या फाइलचे जास्तीत जास्त १४६० बाइट पुढे सरकतात. हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जरासे खाली आहे. त्यामुळे १०० मेगाबिटच्या तारेवर फाइलसाठी ९५ मेगाबिटपेक्षा किंचित कमी, म्हणजे ११.९ मेगाबाइटच्या आसपास उरतात.

दुसरे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. जोडणीचा मेगा म्हणजे १० लाख. पण विंडोजसारख्या प्रणालीत मेगाबाइट म्हणजे १०२४ गुणिले १०२४, अर्थात १०,४८,५७६ बाइट. तेच ११.९ मेगाबाइट या मोठ्या मापाने मोजले की ११.३ भरतात. ‘१ टेराबाइट’ची नवी डिस्क संगणकाला जोडल्यावर ९३१ गिगाबाइटच दिसते, तिचेही कारण हेच. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८मध्ये १०२४च्या पटीतल्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावे दिली. नावे चांगली आहेत, पण ती अजूनही बोलण्यात रुळलेली नाहीत.

काही सेवादाते या खर्चाची भरपाई म्हणून जोडणीचा वेग जाहीर आकड्यापेक्षा थोडा वर ठेवतात, त्यामुळे काहींना पूर्ण १०० किंवा १०५ही दिसतात.

प्रश्न: एखादी फाइल उतरायला किंवा चढवायला किती वेळ लागेल, हे आधीच कसे काढायचे?

फाइलचा आकार गिगाबाइटमध्ये घ्यावा, त्याला ८००० ने गुणावे आणि जोडणीच्या मेगाबिटने भागावे. उत्तर सेकंदांत येते. ४ गिगाबाइटची फाइल ५० मेगाबिटच्या जोडणीवर उतरवायची असेल, तर ३२,००० भागिले ५० म्हणजे ६४० सेकंद, अर्थात १० मिनिटे ४० सेकंद. पॅकेटांचा खर्च आणि अधूनमधून होणारी घसरण धरून त्यावर दहा टक्के वाढवले की अंदाज वास्तवाच्या जवळ जातो.

तोंडी हिशेबासाठी याहून सोपी युक्ती म्हणजे मेगाबिटला आठऐवजी दहाने भागणे. ५० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, ३०० मेगाबिटची म्हणजे ३० मेगाबाइट. या अंदाजात सगळी गळती आपोआप धरली जाते.

मात्र अपलोडचा हिशेब करताना अपलोडचाच आकडा घ्यावा. एका समारंभाचे २० गिगाबाइटचे चित्रीकरण १० मेगाबिटच्या अपलोडवरून पाठवायचे म्हटले, तर १६,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास लागतात. डाउनलोड १०० मेगाबिट आहे म्हणून ‘अर्ध्या तासात पाठवतो’ असे आश्वासन देऊन बसलेल्या आणि नंतर रात्रभर जीव टांगणीला लागलेल्या किती तरी माणसांना मी पाहिले आहे. हिशेब दोन मिनिटांचा असतो. तो आधी करावा.

प्रश्न: अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा इतका कमी का असतो?

कारण वाहिनीची क्षमता दोन दिशांना समान वाटलेलीच नसते. पूर्वी लोक पाने वाचत, चित्रपट पाहत, फाइली उतरवत. स्वतःहून पाठवत ते चार ओळींचे ई-मेल. ही सवय गृहीत धरून तंत्रे आखली गेली. डायलअपच्या शेवटच्या काळातील व्ही.९० मोडेममध्येसुद्धा उतरण्याचा कमाल वेग ५६ किलोबिट आणि चढण्याचा ३३.६ किलोबिट होता. एडीएसएल या ब्रॉडबँड पद्धतीत टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील वारंवारितांची विभागणी केली गेली. आवाजाच्या वरचा १३८ किलोहर्ट्झपर्यंतचा छोटा पट्टा अपलोडला आणि तिथून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा मोठा पट्टा डाउनलोडला मिळाला. केबल टीव्हीच्या तारेवरील इंटरनेटचीही कथा अशीच आहे.

फायबरमध्ये परिस्थिती सुधारली, तरी विषमता संपली नाही. जीपॉन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या फायबर पद्धतीत एका धाग्यावर उतरण्यासाठी २.४८८ गिगाबिट आणि चढण्यासाठी १.२४४ गिगाबिट असतात, आणि ते बहुधा ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटले जातात. एक्सजीएस-पॉन या पुढच्या पद्धतीत दोन्ही दिशांना १० गिगाबिट आहेत. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट आड येते: टॉवर दहा-दहा वॅटच्या शक्तीने बोलतो, तर तुमच्या फोनचे प्रक्षेपण जेमतेम पाव वॅटच्या आत असते. त्यामुळे टॉवरपासून दूर गेल्यावर उतरण्याआधी चढण्याचा वेग मान टाकतो.

आता घराघरांतून व्हिडिओ कॉल होतात, फोटोंचा साठा ऑनलाइन ठेवला जातो, कामाच्या मोठ्या फाइली पाठवल्या जातात. अशा काळात प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा न पाहणे मला चुकीचे वाटते. जाहिरातीत तो ठळक दिलेला नसतो. विचारून घ्यावा लागतो.

प्रश्न: मोठी फाइल अपलोड होत असताना बाकी सगळेच का रखडते? डाउनलोडची वाट तर मोकळी असते ना?

वाट मोकळी असते, पण डाउनलोडलाही थोडेसे अपलोड लागते. पॅकेट मिळाले की तुमचे उपकरण पलीकडे पोच पाठवते आणि पोच मिळेल त्या बेताने सर्व्हर पुढची पॅकेट सोडतो. या पोचा आकाराने किरकोळ असतात, डाउनलोडच्या दोन-तीन टक्के. पण त्या अपलोडच्याच रांगेत उभ्या राहतात. समोर २० गिगाबाइटच्या चित्रीकरणाची पॅकेट ठासून भरलेली असतील, तर पोच मागे अडकते आणि सर्व्हर ‘अजून मिळाले नाही’ असे समजून हात आखडता घेतो.

हा त्रास राउटर किंवा मोडेममधल्या वाजवीपेक्षा मोठ्या साठवण-रांगेमुळे वाढतो. एरवी २० मिलिसेकंदात येणारे उत्तर अशा वेळी एक-दोन सेकंदांवर जाते. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. त्यावर उपायही निघाला: रांग लांबू न देणाऱ्या आणि प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देणाऱ्या पद्धती. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ असा पर्याय असेल, तर तो चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहावी. राउटरमध्ये सोय नसेल, तर अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच वेगमर्यादा घालावी. अपलोडला थोडा अधिक वेळ लागेल, पण बाकीच्यांना कॉलवर बोलता येईल.

प्रश्न: स्पीड टेस्टमध्ये पूर्ण वेग दिसतो, पण एका ठरावीक साइटवरून फाइल अतिशय हळू उतरते. असे का?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? समोरच्या सर्व्हरने प्रत्येकाला सेकंदाला २ मेगाबाइट अशी मर्यादा घातलेली असेल, किंवा एकाच वेळी हजारो लोक त्याच्याकडे मागणी करत असतील, तर तुमची वाहिनी कितीही रुंद असली तरी तिच्यात येणारच तेवढे.

स्पीड टेस्ट हा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला आकडा असतो, हेही लक्षात घ्यावे. तिचा सर्व्हर बहुधा जवळचा निवडला जातो, कधी तो तुमच्या सेवादात्याच्याच जाळ्यात असतो, आणि चाचणी अनेकदा एकाच वेळी कित्येक जोडण्या उघडून होते. तुमची फाइल मात्र दूरच्या सर्व्हरवरून आणि बहुधा एकाच जोडणीतून येत असते. म्हणून चाचणी दोनदा करावी: एकदा जवळच्या सर्व्हरशी, एकदा मुद्दाम दूरच्या सर्व्हरशी. शिवाय दोन-तीन वेगळ्या मोठ्या साइटवरून एखादी मोठी फाइल उतरवून पाहावी. सगळीकडे वेग कमी असेल तर खोट तुमच्या बाजूला शोधावी. एकाच ठिकाणी कमी असेल तर राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न: पिंग म्हणजे काय, आणि फाइल उतरवताना त्याचा काही संबंध येतो का?

पॅकेट पलीकडे जाऊन उत्तर परत येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरवरील सर्व्हरकडे जाऊन परत यायला, मध्ये कुठेही विलंब न होता, १०० मिलिसेकंद लागणारच. कोणताही प्लॅन हा आकडा खाली आणू शकत नाही. भूस्थिर उपग्रह तर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे त्यांच्यामार्फत होणाऱ्या फेरीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागते. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांना हा त्रास नाही.

फाइलच्या वेगाशी याचा संबंध बराच जवळचा आहे, आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. पोच येण्याची वाट न पाहता किती माहिती पुढे पाठवायची, याला टीसीपी या वाहतूक-नियमावलीत मर्यादा असते. मूळ रचनेत ही मर्यादा ६५,५३५ बाइट होती. समजा, फेरीला १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला दहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत ६५,५३५ बाइट. हिशेब केला तर वेग ५.२ मेगाबिटच्या वर जात नाही, मग जोडणी १०० मेगाबिटची असो की १०००ची. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२मध्ये आली आणि आजच्या प्रणाली ती वापरतात. पण जुनी उपकरणे, जुने फाइल-सर्व्हर किंवा चुकीच्या सेटिंगमुळे अजूनही ही भिंत कुठे कुठे आडवी येते. दूरच्या सर्व्हरवरून येणारा वेग एकाच आकड्यावर खिळलेला दिसला, की ही शक्यता तपासावी.

हरवणारी पॅकेटही अशीच जड जातात. फेरी १०० मिलिसेकंदांची आणि शंभरातले एक पॅकेट हरवत असेल, तर टीसीपीच्या पारंपरिक गतिनियंत्रणात एका जोडणीला दीड मेगाबिटच्या आसपासच वेग मिळतो, कारण प्रत्येक गळती म्हणजे पुढे कोंडी आहे असे समजून पाठवणारा वेग निम्म्यावर आणतो. हरवणे फक्त एक टक्का, पण वेग जवळजवळ सगळाच जातो. म्हणून कमकुवत वायफाय आणि सैल झालेली केबल यांना मी क्षुल्लक मानत नाही.

प्रश्न: एक मोठी फाइल झटकन जाते, पण तेवढ्याच आकाराच्या हजारो लहान फाइलींना तास का लागतात?

याचे कारण वरच्या उत्तरातच आहे. प्रत्येक फाइलसाठी ‘घेतोस का, घे, मिळाली’ अशी किमान एक फेरी खर्च होते. २० किलोबाइटच्या १०,००० फाइली म्हणजे २०० मेगाबाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्या १६ सेकंदांत जायला हव्यात. पण एकामागून एक पाठवताना प्रत्येकीमागे १०० मिलिसेकंदांची एकच फेरी जरी धरली, तरी १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद निव्वळ वाट पाहण्यात जातात. प्रत्यक्षात फेऱ्या दोन-तीन असतात. शिवाय नवी जोडणी पहिल्याच क्षणी पूर्ण वेगाने धावत नाही. साधारण दहा पॅकेटपासून सुरुवात करून ती दर फेरीला दुप्पट होत जाते, आणि २० किलोबाइटची फाइल ती वेग पकडण्यापूर्वीच संपलेली असते.

सगळ्या फाइली एका झिपमध्ये बांधाव्यात आणि मग पाठवाव्यात.

प्रश्न: झिप केल्याने फाइलचा आकारही कमी होईल ना?

मजकूर, तक्ते, प्रोग्रॅमचा कोड यांचा बराच कमी होतो. जेपीईजी छायाचित्रे, एमपी३ गाणी, एमपी४ चित्रफिती या आधीच दाबून बसवलेल्या असतात. त्यांच्यावर झिपचा परिणाम नगण्य असतो.

याच्या उलट अनुभव ई-मेलच्या जोडपत्रांचा येतो. ई-मेलची व्यवस्था मुळात मजकुरासाठी तयार झाली, म्हणून जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलून पाठवली जाते आणि या रूपांतरात दर ३ बाइटचे ४ होतात. १८ मेगाबाइटची फाइल प्रवासात २४ मेगाबाइटहून अधिक भरते. मोठ्या फाइलीसाठी ई-मेल ही योग्य वाट नव्हे. फाइल ऑनलाइन साठ्यावर ठेवून तिचा दुवा पाठवावा.

प्रश्न: वायफाय आणि केबल यांत खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या अनुभवात घरातल्या तक्रारींचे मूळ सर्वाधिक वेळा इथेच सापडते. फोन ‘४३३ मेगाबिट’ असा जोडणीचा वेग दाखवतो, तो हवेतल्या संदेशांचा सैद्धांतिक वेग असतो. हातात त्याच्या निम्मे ते दोन-तृतीयांश पडते. हवेचा एक पट्टा सगळ्यांचा सामाईक असतो, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, आणि बाकीच्यांना थांबावे लागते. खोलीच्या कोपऱ्यातले एखादे जुने उपकरण हळू बोलत असेल तर ते इतरांचाही वेळ खाते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींपलीकडे जास्त पोहोचतो, पण तो गजबजलेला असतो आणि तिथे साध्या फोनला ४०-५० मेगाबिट मिळाले तरी पुष्कळ. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, मात्र दोन भिंती मध्ये आल्या की त्याची ताकद ओसरते. मोठी फाइल उतरवायची असेल तर राउटरच्या खोलीत जाऊन बसणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पण केबल लावली म्हणजे काळजी मिटली असेही नाही. एका परिचितांकडे ३०० मेगाबिटची नवी जोडणी आली आणि केबलवर चाचणी केली की आकडा यायचा ९४. सकाळी ९४, रात्री ९४, दुसऱ्या साइटवर ९४. वेग कमी असणे समजू शकते. तो असा ठाम असणे मला खटकले. संगणकाच्या सेटिंगमध्ये पाहिले, तर इथरनेटची जोडणी १०० मेगाबिटवर जुळलेली होती. केबलचे टोक काढून उजेडात धरल्यावर दिसले की पारदर्शक प्लगवरची खिट्टी तुटलेली आहे आणि आठ रंगीत तारांपैकी तपकिरी तार सोनेरी पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. १०० मेगाबिटच्या इथरनेटला चार तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. एक तार कमी पडल्यामुळे दोन्ही उपकरणांनी गाजावाजा न करता १००वर तडजोड केली होती. केबल बदलताच आकडा २९० पार गेला. तुमच्या चाचणीतही ९४-९५ हा आकडा वारंवार येत असेल, तर सेवादात्याला फोन करण्याआधी केबल बदलून पाहावी.

प्रश्न: संध्याकाळी वेग का घसरतो?

शेवटच्या टप्प्यातली वाहिनी, टॉवर आणि पुढची जाळी ही अनेक ग्राहकांत वाटलेली असते, आणि संध्याकाळी सगळे एकदम वापरू लागतात. मोबाइलवर ही घसरण जास्त जाणवते. तातडी नसलेले अपलोड पहाटेसाठी लावून ठेवावे. बहुतेक बॅकअप प्रोग्रॅममध्ये वेळ ठरवण्याची सोय असते.

प्रश्न: फाइल ९९ टक्क्यांवर येऊन का अडकते?

हातातोंडाशी आलेला घास अडकावा तसे वाटते खरे, पण बहुतेक वेळा तेव्हा नेटचे काम संपलेले असते. डाउनलोडच्या शेवटी अँटिव्हायरस पूर्ण फाइल तपासतो, तुकडे एकत्र जोडले जातात किंवा तात्पुरत्या जागेवरून फाइल पक्क्या जागी हलवली जाते. जुन्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर याला मिनिटे लागू शकतात. अपलोडच्या शेवटी समोरचा सर्व्हर मिळालेली फाइल तपासून साठवत असतो. अशा वेळी घाईने रद्द केले, तर सगळे श्रम वाया जातात, थोडे थांबावे.

एक अडचण मात्र थांबून सुटणारी नाही. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड एफएटी३२ पद्धतीने तयार (फॉरमॅट) केलेले असेल, तर त्यावर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल ठेवताच येत नाही. मोठी फाइल अशा कार्डावर उतरवताना ती मध्येच बंद पडते आणि दोष नेटवर येतो. कार्ड एक्सफॅट पद्धतीने पुन्हा तयार केले की प्रश्न सुटतो. अर्थात त्याआधी त्यावरचे सगळे दुसरीकडे काढून ठेवावे लागते.

प्रश्न: जोडणी मध्येच तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?

सर्व्हरला ‘अमुक बाइटपासून पुढचे दे’ ही विनंती मान्य असेल तर नाही. वेबच्या नियमावलीत अशी सोय आहे आणि बहुतेक मोठे सर्व्हर ती देतात. ब्राउझर कधी कधी ती नीट वापरत नाही. डाउनलोड मॅनेजर वापरतो. एकच फाइल एकदम चार-सहा जोडण्यांतून ओढण्याची त्याची रीतही याच सोयीवर चालते, आणि दूरच्या सर्व्हरवरून उतरवताना तिचा चांगला फायदा होतो. प्रोग्रॅमर ब्रॅम कोहेन यांनी २००१मध्ये आणलेली बिटटॉरेंट ही फाइल-वाटपाची पद्धतही तुकड्यांवरच उभी आहे, फक्त तिथे तुकडे अनेक लोकांकडून येतात. वारंवार बदलणारी मोठी फाइल दोन ठिकाणी सारखी ठेवायची असेल, तर १९९६पासूनचे आरसिंक हे साधन बदललेलाच भाग पाठवते. कमी अपलोड असणाऱ्यांनी ते जरूर शिकावे.

तुटत-जोडत उतरलेली महत्त्वाची फाइल वापरण्यापूर्वी तिची शा-२५६ खूण (फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ) साइटवर दिलेल्या खुणेशी ताडून पाहावी. एक बिट जरी बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते.

प्रश्न: व्हीपीएनमुळे वेग कमी होतो का?

बहुधा होतो. व्हीपीएन म्हणजे तुमची वाहतूक सांकेतिक रूपात मधल्या एका सर्व्हरमार्फत नेणारी सेवा. प्रत्येक पॅकेट आधी तिच्या सर्व्हरकडे वळसा घेऊन जाते, त्यावर आणखी एक वेष्टन चढते आणि फेरीचा वेळ वाढतो. वेग तपासताना व्हीपीएन बंद ठेवावे.

प्रश्न: मग मला किती वेगाची गरज आहे?

महिन्यातले सर्वांत मोठे काम कोणते, ते आधी ठरवावे आणि वरच्या सूत्रात घालून पाहावे. तुम्ही दर आठवड्याला ४ मेगाबाइटची १००० छायाचित्रे पाठवत असाल, तर ५ मेगाबिट अपलोडवर पावणेदोन तास आणि ५० मेगाबिटवर पावणेअकरा मिनिटे लागतील. हा फरक तुमच्यासाठी मोलाचा आहे की काम रात्री झोपेत उरकले तरी चालते, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. ज्याला फक्त वाचायचे आणि पाहायचे आहे, त्याने ३००वरून १००० मेगाबिटवर जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही: साधारण फोनचे वायफाय, यूएसबी २.० पेनड्राइव्ह किंवा समोरचा सर्व्हर यांपैकी कोणीतरी त्याआधीच हात टेकलेले असतात. यूएसबी २.०चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या वर जाणे त्याला जमत नाही.

प्रश्न: सगळे तपासले, तरी वेग कमीच आहे. सेवादात्याकडे तक्रार कशी करावी?

आकड्यांनिशी. वायफाय बंद करून एक संगणक चांगल्या केबलने थेट राउटरला जोडावा, घरातली इतर उपकरणे तेवढ्यापुरती नेटवरून काढावीत आणि सकाळी, दुपारी व रात्री अशा वेळी किमान तीन दिवस चाचणी करावी. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणत्या सर्व्हरशी चाचणी केली, डाउनलोड, अपलोड आणि पिंग असे सहा रकाने भरावेत. निकालाचे चित्रही जपून ठेवावे. त्याचबरोबर मोठी फाइल अपलोड होत असताना पिंग किती वाढतो, ते एकदा मोजून लिहावे. प्लॅनमध्ये दिलेला अपलोडचा वेग आणि ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची अट हे दोन्ही करारात आधी वाचून घ्यावे, कारण महिनाअखेरीस येणाऱ्या पुष्कळशा तक्रारी या अटीपाशी येऊन थांबतात. असा तक्ता समोर ठेवला, की ‘राउटर बंद करून चालू करा’ या उत्तराच्या पुढे संभाषण सरकते आणि तुमची वाहिनी तपासायला माणूस पाठवण्याला आधार मिळतो.